एकच मशीन, तीन भाव



मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या एका सफाई कामगार काकांना डॉक्टरांनी कंबरेचा एमआरआय सांगितला. आम्ही तिघे त्यांच्याबरोबर स्कॅन सेंटरला गेलो. काउंटरवर पहिला प्रश्न आला, "मेडिक्लेम आहे का?" नाही म्हटल्यावर साडेसात हजार सांगितले. आम्ही जायला वळलो, तर साडेसहा झाले. अजून घासाघीस केली आणि पाच हजारांवर ठरले. बाकावर शेजारी एक तरुण बसला होता. त्याचे वडील जवळच्या रुग्णालयात कॅशलेसवर भरती होते. त्यांच्या कंबरेच्या एमआरआयचे नऊ हजार लावले होते, तेही याच मशीनवर.

यावर आपल्यातलेच काही म्हणतात, बरे झाले, रोखीने स्वस्त पडते, गरिबाचा फायदाच आहे. आम्हाला हे पटत नाही. पाच हजार झाले ते सोबत तीन शिकलेली पोरे होती म्हणून. काका एकटे गेले असते तर मान खाली घालून साडेसात मोजून आले असते. काउंटरवरच्या माणसाच्या मर्जीने कमी झालेला भाव हा हक्क नव्हे. आणि कॅशलेसवाल्याचे नऊ हजार कंपनी भरते असे वाटते खरे, पण ते त्याच्याच विम्याच्या रकमेतून वजा होतात आणि पुढे सगळ्यांच्या हप्त्यात उगवतात.

शिवाय साधा मेडिक्लेम बहुतेक वेळा भरती झाल्याशिवाय पैसे देत नाही. म्हणून कुणी नुसत्या तपासणीसाठी एक रात्र भरती होतो, आणि "फक्त तपासणीसाठी भरती" असा शेरा मारून कंपनी क्लेम नाकारते. तो शेरा पॉलिसीच्या अटींतच बसतो.

सरकारला दर ठरवता येत नाहीत, हेही खोटे आहे. सप्टेंबर 2020 मध्ये कोरोनाच्या काळात महाराष्ट्र सरकारने छातीच्या एचआरसीटीचे दर बांधले. मशीनच्या क्षमतेप्रमाणे 2,000, 2,500 आणि 3,000 रुपये. फिल्म, रिपोर्ट, पीपीई किट, जीएसटी सगळे त्यातच. मात्र त्याच आदेशात असेही होते की ज्याच्याकडे आरोग्य विमा आहे त्याला हे दर लागू नाहीत. म्हणजे एका स्कॅनला दोन भाव असणे सरकारनेच मान्य केले! केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. 2021 च्या नियमांनी दरपत्रक लावायला सांगितले ते नर्सिंग होमला. निव्वळ स्कॅन सेंटरच्या भिंतीवर आम्हाला तरी काही दिसले नाही.

आता खरी गोष्ट. पैसे भरून घरी आल्यावर आम्ही काकांची पगाराची स्लिप पाहिली. त्यात ईएसआयचे 120 रुपये कापलेले होते. दर महिन्याला. काकांकडे विमा होता आणि आम्ही बचत गटातून उसने काढून रोखीची घासाघीस करून आलो होतो. नंबर काय, कार्ड कुठे, दवाखाना कोणता, ठेकेदाराने त्यांना कधी सांगितलेच नाही.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री असताना 1943 मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचे काम दिले गेले. त्यातून 1948 चा ईएसआय कायदा उभा राहिला. 2019 पासून कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के. यात औषध, तपासणी मिळायला भरती व्हावे लागत नाही. बाजारातला मेडिक्लेम जे देत नाही ते हा विमा देतो, आणि आपली माणसे हप्ता भरूनही त्याच्या बाहेर उभी आहेत. ईएसआयच्या दवाखान्यात रांगा आहेत, मशीनसाठी तारीख लांबची मिळते, हे आम्हाला माहीत आहे. त्यासाठी वेगळे भांडू.

काकांच्या ठेकेदाराकडे आम्ही दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा "साहेब नाहीत", दुसऱ्यांदा "ऑफिसला मेल करा". मेल केला आहे, त्याची प्रत पालिकेच्या आरोग्य खात्यालाही दिली आहे.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारातच बसू. कंत्राटी कामावर असलेल्या प्रत्येकाने शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणाव्यात. स्लिप मिळत नसेल तर बँकेचे पासबुक आणा. ज्यांचे ईएसआय कापले जाते पण नंबर माहीत नाही, त्यांची यादी तिथेच करू.

जय भीम!