फतवा मिळाला, आता रजिस्टर दाखवा

टेस्ट ट्यूब बेबी हलाल की हराम, हा प्रश्न आपल्याकडे अजूनही काल पडल्यासारखा विचारला जातो. जुम्म्यानंतर कुणीतरी इमामसाहेबांना बाजूला घेऊन हळूच विचारतो. व्हॉट्सॲपवर एखादी क्लिप फिरते आणि चार दिवस वाद चालतो. मित्रांनो, या प्रश्नाचं उत्तर येऊन चाळीस वर्षं होत आली. १९८० मध्ये इजिप्तचे तेव्हाचे मुफ्ती शेख जाद अल-हक्क यांनी फतवा दिला. ऑक्टोबर १९८६ मध्ये अम्मानला भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीच्या बैठकीत सात पद्धतींचा विचार झाला. त्यातल्या पाच नाकारल्या गेल्या आणि दोनच, गरजेपुरत्या, मान्य झाल्या. शुक्राणू नवऱ्याचे, स्त्रीबीज बायकोचं, गर्भाशय त्याच बायकोचं आणि निकाह कायम असेल तर हरकत नाही. तिसऱ्या माणसाचं बीज किंवा तिसरीचा गर्भ चालणार नाही. दुसऱ्या बायकोचा गर्भसुद्धा नाही. शिया मुजतहिदांमध्ये यावर वेगळी मतं आहेत आणि इराणने २००३ मध्ये भ्रूणदानाचा कायदाही केला. पण महाराष्ट्रातल्या बहुसंख्य सुन्नी मुसलमानांसाठी चौकट स्पष्ट आहे.

मग आपण अजून तिथेच का थांबलो आहोत? कारण पुढचे प्रश्न अडचणीचे आहेत. त्यांची उत्तरं मौलानांना विचारून मिळत नाहीत. ती क्लिनिकला, सरकारला आणि स्वतःच्या घरातल्यांना विचारावी लागतात.

या लेखाचं म्हणणं एवढंच आहे. ‘बीज आपलंच असलं पाहिजे’ ही शरीयतची अट आहे. ती अट पाळली गेली की नाही हे फतव्याच्या कागदावरून कळत नाही. ते कळतं प्रयोगशाळेतल्या डबीवरच्या लेबलवरून, संमतीपत्रातल्या ओळीवरून आणि क्लिनिकच्या रजिस्टरवरून. ज्याला नसबची काळजी आहे, त्याने या रजिस्टरची काळजी केलीच पाहिजे. देशात त्यासाठी कायदा आहे. तो नीट राबवला जावा ही मागणी सगळ्यात मोठ्या आवाजात आपण करायला हवी होती. आपल्याकडून मात्र ती ऐकूच येत नाही.

अम्मानच्या बैठकीच्या दोनच महिने आधी, ६ ऑगस्ट १९८६ रोजी, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. केईएम हे महापालिकेचं रुग्णालय आहे, हे लक्षात ठेवा. हे तंत्र आपल्या राज्यात आलं ते सरकारी पैशाच्या, गरिबांच्या दवाखान्यात. पुढे ते वाढलं मात्र खाजगी बाजारात, आणि बाजार वाढत असताना कायदा नव्हता. २००५ मध्ये आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वं आली, पण ती मोडली तर शिक्षा नव्हती. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा आणि सरोगसीचा कायदा हे दोन्ही संसदेने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केले आणि २५ जानेवारी २०२२ पासून ते लागू झाले. म्हणजे तब्बल ३५ वर्षं भ्रूण, स्त्रीबीज आणि गर्भ यांचा व्यवहार कायद्याविना चालला.

आता केळापूर तालुक्यातून बघू. पांढरकवड्याहून राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो. उत्तरेला नागपूर. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद आणि त्याच रस्त्याने पुढे हैदराबाद. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली आणि मूल नाही, तर इथलं जोडपं याच रस्त्याला लागतं. कापसाचे आलेले पैसे, बायकोचं सोनं, नातेवाइकांचे उसने, आणि शेवटी व्याजाचं कर्ज. बीज हलाल आहे का हे आपण दहा जणांना विचारतो. ज्या कर्जावर उपचार चाललेत ते व्याजाचं आहे, हे कुणी एकालाही विचारत नाही.

सगळा त्रास बाईने सोसायचा, हे तर ठरलेलंच. मूल होत नाही तर तपासणी तिची, दर्गा-दुआ-तावीज तिचे, टोमणे तिला आणि दुसऱ्या निकाहची धमकीही तिलाच. खरं तर वंध्यत्वाचं कारण पुरुषातही असतं आणि त्याची पहिली तपासणी बाईच्या तपासण्यांपेक्षा कितीतरी सोपी आणि स्वस्त आहे. तरी नवरा वीर्यतपासणीला तयार होत नाही, कारण त्यात त्याची मर्दानगी जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात साधारण सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. हजरत इब्राहीम आणि हजरत झकरिया यांनी म्हातारपणी मुलासाठी दुआ मागितली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांना कुणी कमीपणा दिला नाही. मग शेजारच्या भाभीला का देता?

ही शरम क्लिनिकवाल्यांच्या पथ्यावर पडते. जो लपून येतो तो पावती मागत नाही, प्रश्न विचारत नाही आणि तक्रारही करत नाही. एका सायकलीत यश मिळण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी असतं आणि बाईचं वय वाढतं तसं ते आणखी घटतं, हे जाहिरातीच्या फलकावर लिहिलेलं नसतं. दुसरी सायकल फसली की सल्ला येतो, ‘डोनर एग घेऊ, कुणाला कळणार नाही.’ संमतीपत्र इंग्रजीत असतं. नवरा सही करतो, बायको अंगठा लावते. आता सांगा, इमामसाहेबांनी दिलेली परवानगी या कागदावर कुठे उरली?

‘आम्ही डोनर घेतच नाही, मग त्या कायद्याशी आमचा काय संबंध?’ असं म्हणणारे बरेच भेटतात. संबंध असा की, तुम्ही डोनर घेतला नाही हे सिद्ध करणारा कागद त्याच कायद्याने येतो. नोंदणी नसलेलं क्लिनिक चालवता येणार नाही, सर्व संबंधितांची लेखी संमती हवी, यशाची शक्यता, खर्च, धोके आणि दुष्परिणाम आधी सांगितले पाहिजेत, आणि भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी कधीही संमती मागे घेता येईल, असं हा कायदा सांगतो. भ्रूण गोठवून ठेवायचे असतील तर दोघांपैकी एकाचा मृत्यू झाल्यास त्यांचं काय करायचं, हेही आधी लिहून द्यावं लागतं. शरीयतच्या दृष्टीने हा प्रश्न किती मोठा आहे बघा. मृत्यूने किंवा तलाकने निकाह संपला, तर बहुसंख्य उलेमांच्या मते त्या भ्रूणांवरचा हक्कही संपतो. तरुण जोडप्यांपैकी किती जणांनी सही करण्यापूर्वी यावर बोलणं केलं आहे?

एका ठिकाणी कायदा आणि आपली समजूत जुळत नाही, तेही झाकून ठेवू नये. डोनरच्या बीजाने झालेलं मूल कायद्याने त्या दांपत्याचंच जैविक मूल मानलं जातं. शरीयतमध्ये तसं नाही. म्हणून तर संमतीपत्रातली ती एक ओळ आपल्यासाठी जास्त मोलाची आहे. कायदा कुणावर डोनर लादत नाही. तो फक्त लिहून ठेवायला सांगतो. लिहून ठेवण्याला शरीयतचा विरोध कधीपासून झाला? उधारीचा साधा व्यवहारही साक्षीदार ठेवून लिहून घ्या, अशी शिकवण असलेली ही उम्मत आहे.

नियंत्रण ढिलं पडलं की काय होतं, ते याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला दिसलं. जुलै २०२५ मध्ये सिकंदराबादच्या एका फर्टिलिटी सेंटरवर पोलिसांनी कारवाई केली. पोलिसांचा आरोप असा, की सरोगसीच्या नावाखाली एका दांपत्याकडून लाखो रुपये घेतले गेले आणि त्यांच्या हातात दुसऱ्याच गरीब आईबापाचं बाळ ठेवलं गेलं. डीएनए तपासणीत बाळ त्यांचं नसल्याचं निघालं. कोर्टाचा निकाल यायचा तेव्हा येईल. पण त्या बाळाचा विचार करा. त्याचं नसब कुणी बुडवलं? डोनरने नाही, आयव्हीएफच्या तंत्रानेही नाही. आरोप खरा असेल तर ते खोट्या कागदाने बुडवलं.

आणि ज्या बाईच्या शरीरातून बीज काढलं जातं, ती कोण असते? आपल्याला बीज नको म्हणून तिचा प्रश्न आपला नाही, असं म्हणून सुटका होत नाही. कायद्याने स्त्रीबीज देणारी २३ ते ३५ वयाचीच हवी, आयुष्यात एकदाच देऊ शकते, सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत आणि तिचा विमा उतरवावा लागतो. बीज विकणं गुन्हा आहे. पण दहा-बारा दिवस हार्मोनची इंजेक्शनं टोचून घ्यायला फुकटात कोण तयार होईल? व्यवहार मग दाराआडून होतो आणि दाराआड गरीब बाईच उभी असते. महाराष्ट्राने हे आधी पाहिलेलं आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. आपल्याच पांढरकवडा-झरी जामणी पट्ट्यात आदिवासी कुमारी मातांचा प्रश्न कित्येक वर्षं वर्तमानपत्रांत येतो आहे. त्या मुलांचे बाप नाव न देता निघून गेले. नसब पवित्र आहे असं म्हणणाऱ्याला या मुलांचंही नसब दिसलं पाहिजे. ते फक्त मुसलमानांच्या घरापुरतं पवित्र नसतं.

काही बुजुर्ग म्हणतील, अल्लाहने दिलं नाही तर सबर करावा. सबर ही मोठी गोष्ट आहे, पण ती दुसऱ्याच्या बायकोला सांगायची गोष्ट नव्हे. आजारावर इलाज करणं सुन्नत आहे, हे आपण मधुमेहाला लावतो, मग वंध्यत्वाला का नाही? बऱ्याचदा इलाज आयव्हीएफच्या कितीतरी आधी असतो. गर्भाशयाच्या आणि बीजवाहिन्यांच्या क्षयरोगाने आपल्या देशात अनेक बायकांना मूल होत नाही, आणि क्षयरोगाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. मात्र आयुष्मान भारत योजनेतून वंध्यत्वाचे उपचार वगळलेले आहेत. गोव्याने २०२३ मध्ये गोवा मेडिकल कॉलेजात आयव्हीएफची मोफत सोय सुरू केली. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गोव्याला जमलं ते केईएमच्या महाराष्ट्राने आपल्या जिल्ह्यात का करू नये? ही मागणी निवेदनात लिहा, आमदारांना विचारा, आदिवासी आणि शेतकरी संघटनांना सोबत घ्या. हा फक्त मुसलमानांचा प्रश्न नाही.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. क्लिनिकला जाण्याआधी ते राष्ट्रीय नोंदणीत आहे का ते पाहा. संमतीपत्र मराठीत किंवा उर्दूत मागा, नाही दिलं तर सही करू नका. ‘फक्त आमचंच बीज वापरायचं’ हे लेखी घ्या आणि प्रत काढून ठेवा. नमुना देताना डबीवरचं नाव स्वतः वाचा. फसवणूक झाली तर राज्याच्या समुचित प्राधिकरणाकडे तक्रार करा. पहिली तपासणी नवऱ्याने करून घ्यावी. मशिदीच्या कमिट्यांनी निकाहच्या वेळी दोन शब्द यावरही बोलावेत. आणि ज्यांना उपचारांनी मूल होणार नाही, त्यांना कफालतीचा रस्ता आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुसलमानांनाही बालन्याय कायद्याखाली मूल दत्तक घेता येतं असं स्पष्ट केलं. मुलाच्या खऱ्या आईबापांचं नाव माहीत असेल तर ते न पुसता त्याला वाढवता येतं.

नसबची हिफाजत हे शरीयतच्या मोठ्या उद्देशांपैकी एक आहे, असं आपण तकरीरीत ऐकतो. पांढरकवड्याहून नागपूरला किंवा हैदराबादला निघालेल्या जोडप्याच्या बाबतीत ती हिफाजत एका नोंदवहीत आहे. ती नोंदवही उघडून दाखवा, असं म्हणायला मुफ्ती व्हावं लागत नाही.