तपासणी हवी, ताटकळणे नको

विमानतळावरील सुरक्षा-तपासणीविषयी प्रवाशांची आणि वैमानिकांचीही कुरकुर नवी नाही. ज्याच्या हाती विमान सोपवायचे, त्याचीच झडती घ्यावी, हा विरोधाभास खरा; परंतु १९८७ साली अमेरिकेत विमान कंपनीच्या एका बडतर्फ कर्मचाऱ्याने ओळखपत्राच्या बळावर तपासणी चुकवून विमानात रिव्हॉल्वर नेले आणि ४३ जणांचे प्राण गेले. तेव्हा सवलत कोणालाच नको. मात्र उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरचा प्रवासी लोकलचा भरवसा नसल्याने आधीच काही तास हाताशी ठेवून घर सोडतो. तिकिटातच सुरक्षा शुल्क भरणाऱ्या या माणसाचा वेळ फुकटचा समजू नये. गर्दीच्या वेळी यंत्रे व मनुष्यबळ वाढवावे. सुरक्षितता तपासणीच्या कसोशीवर ठरते, रांगेच्या लांबीवर नव्हे.