मशिनी वाटल्या, मिस्त्री कुठंय?

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी तुमच्यासाठी एक काम आहे.

दिवाळीआधी आमच्याकडं आवराआवर चालली होती. भंगारवाल्याचा टेम्पो दारात आला. पडवीत कांद्याच्या रिकाम्या गोण्यांखाली आईची पायमशीन पडून होती. आई गेल्यापासून तिच्यावरचं फडकं कुणी काढलं नव्हतं. भंगारवाल्यानं बिडाचं स्टँड हलवून बघितलं आणि म्हणाला, "दादा, सातशे देतो. लाकूड तुम्हालाच राहू द्या." धाकटा भाऊ लगेच तयार झाला. मीही जवळजवळ हो म्हणालो होतो, खोटं कशाला बोलू?

बायको आतून म्हणाली, "अहो, याच मशिनीवर तुमच्या डिप्लोमाची फी भरली ना?"

टेम्पो रिकामा गेला.

खरंच होतं ते. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा वडिलांच्या कांद्याला भाव नव्हता. आई ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश शिवायची. लग्नसराईत रात्री बारापर्यंत खडखड चालायची. लाईट गेली तर कंदील लावून शिवायची, कारण मशिनीला लाईट लागतच नव्हती. आमच्याकडं लाईटचं वेळापत्रक कसं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

मग मशीन बाहेर काढली. चाक फिरेना. आजोबा मुंबईला कामाला होते, त्यांनी ती जुनीच विकत आणलेली. पुसल्यावर सिंगरचा पितळी बिल्ला दिसला. उजव्या हाताला खाली नंबर कोरलेला, त्याची सुरुवात इंग्रजी 'ई' आणि आणखी एका अक्षरानं. अशा दोन अक्षरी नंबरच्या मशिनी १९३५ पासून पुढं स्कॉटलंडच्या क्लाइडबँक कारखान्यात बनल्या. तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला. तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव मात्र आजही 'सिंगर' आहे. कारखाना गेला, मशीन आमच्या पडवीत राहिली.

बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात चौकशी करत एका मिस्त्रीबाबांपर्यंत पोचलो. वय सत्तरच्या पुढं. मला आधीच दम दिला, "चाक जोर लावून फिरवलंस का? नाही ना? मग ठीक." मशीन जाम होते ती बहुतेक वेळा आतलं जुनं तेल वाळून चिकट झालं म्हणून. आमच्यात कुणीतरी खोबरेल तेल सोडलेलं. बाबा म्हणाले, "निम्म्या मशिनी खोबरेलानंच मरतात." मशिनीला मशिनीचंच तेल लागतं. खोबरेल, गोडेतेल सांध्यात गोंदासारखं धरतं.

दोन दिवस सांध्यांत रॉकेल सोडून ठेवलं. शटलखाली अडकलेले दोऱ्याचे तुकडे चिमट्यानं काढले. कापडाला पुढं सरकवणारे दाते तुसानं बुजले होते, ते सुईच्या टोकानं मोकळे केले. मग तेल. तिसऱ्या दिवशी चाक हाताच्या एका बोटानं फिरलं. पट्टा नवा टाकला, तोही फार ताणून नाही, कारण ताणला की पाय दुखतात आणि मशीन जड चालते. पायट्याला मोठ्या चाकाशी जोडणारी दांडी खटखट करत होती, तिचा खालचा सांधा घट्ट केला.

सोनेरी नक्षी मी थिनरनं चमकवायला निघालो होतो. बाबांनी हात धरला. काळ्या रंगावर लाखेचा थर असतो. थिनर, स्पिरिट लावलं की थर जातो आणि त्याच्यामागं नक्षी जाते. नुसतं मशिनीचं तेल फडक्यावर घेऊन पुसायचं.

लाकडाचं काम गावातल्या सुताराकडं. वरच्या फळीचा पातळ थर सुटला होता, तो चिकटवून त्यानं घासला आणि लाखेचं पॉलिश मारलं. त्यालाही आधी सनमायका ठोकायची होती. मी म्हटलं, "नको भाऊ, आईचा हात फिरलेलं लाकूड आहे."

आता हिशोब लिहितो, कारण मुद्दा हिशोबाचा आहे. पट्टा ८० रुपये. बॉबीन आणि तिची डबी ९०. बॉबीन भरायच्या चाकाची रबरी रिंग १०. सुया ४०. तेल आणि रॉकेल ८०. ताणाची स्प्रिंग ३०. मिस्त्रीबाबांचे ५००, सुताराचे ७००. एकूण १,५३० रुपये.

आता मशीन चालते. बायको तिच्यावर पिशव्या शिवते.

इथपर्यंत ही घरची गोष्ट झाली. आता गावची.

गेली वीस वर्षं मी या भागात बातमीदारी करतोय. 'महिलांना शिलाई मशीनचे वाटप' ही बातमी किती वेळा केली असेल, मोजदाद नाही. हार, श्रीफळ, पुढाऱ्यांची रांग, कोपऱ्यात उभ्या बायका आणि मध्ये नवी कोरी मशीन. फोटो काढला, बातमी धाडली, विषय संपला. परत जाऊन मशीन चालू आहे का असं मी कधी विचारलं नाही. चूक माझीच.

यावेळी विचारलं. जुन्या फोटोतल्या काही ताईंकडं जाऊन आलो. एकीची मशीन उत्तम चाललीय, तिनं फॉलबिडिंगवर स्कूटी घेतली. दुसरीचा टाका वर्षातच सुटायला लागला. मिस्त्री मिळेना. ज्यांनी मशीन दिली त्या कार्यालयात विचारलं तर उत्तर मिळालं की आमचं काम वाटपापर्यंत. मशिनीवर आता टीव्ही ठेवलाय आणि ताई कांदा लागवडीला मजुरीनं जातात. मला म्हणाल्या, "दादा, बिघाड काय मोठा नसंल हो. पण बघणार कोण?"

मिस्त्रीबाबांची गोष्ट सांगितली तर म्हणाल्या, "मला न्या की त्यांच्याकडं."

नेलं. दोष डबीच्या स्प्रिंगमध्ये निघाला. एक बारीक स्क्रू पाव आटा ढिला होता. बाबांनी पैसेही घेतले नाहीत.

एका स्क्रूपायी एका बाईचा धंदा बंद पडला होता. शिवलेल्या ब्लाऊजचे पैसे जाऊन मजुरीचा खाडा आणि उन्हातलं काम वाट्याला आलं होतं. ही गोष्ट मला झोपू देत नाही.

आता योजना बघा. केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. त्यात १८ व्यवसाय आहेत आणि शिंपीकाम त्यातलं एक. प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये, पुढं कमी व्याजाचं कर्ज. योजना चांगली आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण त्या १८ मध्ये सुतार आहे, लोहार आहे, कुलूपवाला आहे, शिलाई मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री नाही. त्या १५,००० मध्ये माझ्या हिशोबानं नऊ जुन्या मशिनी उभ्या राहतात.

दुसरीकडं मोबाईलवर 'मोफत शिलाई मशीन योजना' म्हणून लिंका फिरतात. पंतप्रधानांच्या नावानं अशा फिरणाऱ्या दाव्यांना सरकारच्याच पीआयबीनं खोटं ठरवलंय. तरी बाया आधार नंबर भरतात, कारण गरज खरी असते.

तिसरी अफवा जुन्या मशिनीची. 'सिंगरच्या जुन्या मशिनीत लाल पारा असतो, लाखो रुपये मिळतात.' हीच आवई २००९ मध्ये सौदी अरेबियात उठली आणि लोकांनी जुन्या मशिनींसाठी वाट्टेल ते पैसे मोजले. पारा वगैरे काही नसतो. सिंगरनं जगभर कोट्यवधी मशिनी विकल्या, त्यामुळं ती दुर्मिळही नाही. कुणी लाखाचं आमिष दाखवून आगाऊ पैसे मागितले तर सरळ पोलीस स्टेशन गाठा.

मग हिची किंमत काय? शहरात हॉटेलवाले बिडाचं स्टँड घेतात आणि वर काच टाकून टेबल करतात. लंडनच्या एका कपड्याच्या कंपनीनं तर दुकानांच्या काचांमागं शेकड्यानं जुन्या मशिनी शोभेला मांडल्या. ज्याची वस्तू त्यानं विकावी, माझी हरकत नाही. पण त्याच इंग्लंडात १९७९ पासून 'टूल्स फॉर सेल्फ रिलायन्स' नावाची संस्था जुनी अवजारं आणि शिलाई मशिनी नीट करून आफ्रिकेतल्या कारागिरांना पाठवते. तिथल्या बाईला जी मशीन पोट भरायला चालते ती आपल्याला सातशे रुपयांचं भंगार का वाटावी?

ही मशीन आपल्याकडं आली तीही गरिबाला परवडावी अशा रीतीनं. सिंगर कंपनीनं हप्त्यानं विक्रीची पद्धत १८५० च्या दशकातच काढली होती. हिंदुस्थानात कंपनीचा कारभार बरीच वर्षं नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी मुंबईतून सांभाळला. पुढं १९३० च्या दशकात कोलकात्यात उषा सुरू झाली, लुधियानात कारखाने निघाले. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये सिंगरच्या मशिनीला अपवाद केलं होतं, कारण ती माणसाचे कष्ट वाचवते, माणसाला हाकलत नाही.

आता दुसरी बाजूही लिहितो. जुनी मशीन सगळं करत नाही. पिको, काज यांना वेगळी मशीन लागते. कारखान्याचा माल शिवायचा तर मोटरची जोरदार मशीन हवी. ज्यांच्या मशिनीत गोल बॉबीन नसून होडीसारखं लांबट शटल आहे, त्यांना सुटे भाग मिळायला त्रास होतो. वाळवीनं पेटी पोखरली असेल तर ती नवीच करावी लागते. म्हणजे नवी मशीन देऊ नका असं मी म्हणत नाही. पण गोल बॉबीनवाल्या जुन्या मशिनीचीच घडण आपल्याकडच्या साध्या घरगुती मशिनींनी उचललीय. त्यामुळं डबी, बॉबीन, सुई बाजारात सहज मिळते. मिळत नाही तो माणूस.

मिस्त्रीबाबांना विचारलं, तुमच्यानंतर कोण? म्हणाले, "पोरगं रांजणगावला कंपनीत आहे. हे कोण शिकतंय? तू शिकतोस का?" मी हसलो, पण उत्तर देता आलं नाही.

तर माझं म्हणणं सरळ आहे. मशीन देण्याइतकाच पैसा मशीन चालू ठेवण्यावर जायला पाहिजे. त्यासाठी मंत्रालयात जायची गरज नाही.

एक. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. महिलांच्या प्रशिक्षणासाठी हा पैसा वापरता येतो. मग दहा दिवसांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं प्रशिक्षण ठेवा. शिकवायला बेल्ह्याचे बाबा किंवा त्यांच्यासारखे जे कुणी तालुक्यात उरलेत ते, चांगलं मानधन देऊन. अट एकच, प्रत्येकीनं आपल्या घरची बंद मशीन घेऊन यायचं. हात शिकेल आणि मशीनही चालू होऊन घरी जाईल.

दोन. यापुढं कुठल्याही निधीतून मशीन वाटताना दोन वर्षांची गावात येऊन दुरुस्ती आणि सुट्या भागांची डबी ही अट खरेदीतच घाला.

तीन. तालुक्याच्या आयटीआयनं या जुन्या मिस्त्रींना वर्षातून काही दिवस पाहुणे शिक्षक म्हणून बोलवावं. दिल्लीत २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि पोर्टलही काढलं. पण हक्क कागदावर आणि दुरुस्त करणारा माणूस नाही, असं झालं तर त्या हक्काचं काय करायचं?

येत्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. निमगाव साव्याच्या मंडळींनी, खास करून माता-भगिनींनी, त्या दिवशी यावं. ठरावाला हात वर करायला माणसं लागतात. बाकी गावांनी आपापल्या ग्रामसभेत मांडावं, अर्ज कसा लिहायचा ते मी सांगतो.

आणि आता तुमचं काम. आज घरी गेलात की माळ्यावर, पडवीत, गोठ्यात बघा. आईची, आजीची, आत्याची मशीन असेल. भंगारात घालू नका. चाकाला जोर लावू नका, खोबरेल सोडू नका. फोटो कमेंटमध्ये टाका, गावाचं नाव लिहा. किती मशिनी बंद पडून आहेत ती यादी अर्जाला जोडतो. आकडा हातात असला की ग्रामसेवकही नीट ऐकतात.

मी जुन्या वाटपाच्या बातम्या काढून ठेवल्यात. फोटोतल्या उरलेल्या ताईंकडं एकेक करून जाणार आहे. बातमीचा दुसरा भाग लिहायचा राहिलाय.