मोबाईलबंदीची पाटी आणि तिच्याखालचा क्यूआर कोड

पेट्रोल पंपावर गाडी लावली की पंपावरचा मुलगा ‘झिरो बघा’ म्हणतो आणि आपण मीटरकडे बघतो. त्या मीटरच्या आसपास कुठेतरी मोबाईलवर लाल काट मारलेली पाटी असते आणि बऱ्याच ठिकाणी तिच्याखाली, हाताच्या अंतरावर, पैसे भरायचा क्यूआर कोड चिकटवलेला असतो. दुचाकीच्या टाकीचे झाकण अजून उघडेच असते, मागचा हॉर्न वाजवत असतो आणि गिऱ्हाईक घाईघाईने मोबाईल काढून कोड स्कॅन करते. पाटी कुणी वाचत नाही, ती लावणाराही नाही. या विसंगतीला सरकारचाही हातभार आहे. नोटाबंदीनंतर डिसेंबर 2016 मध्ये केंद्राने पंपावर डिजिटल पैसे भरणाऱ्यांना 0.75 टक्के सवलत जाहीर केली. पैसे नेमके कुठे उभे राहून भरायचे, हे मात्र गिऱ्हाइकाला आजही धडपणे कुणी सांगत नाही. माझा आक्षेप बंदीला नाही, तिच्या मोघमपणाला आहे. कारण न सांगता, अंतर न सांगता सरसकट घातलेली बंदी रोज मोडली जाते आणि काहीच होत नाही. मग जिथे खरोखर जीव जाऊ शकतो, तिथल्या पाटीकडेही माणूस त्याच नजरेने बघतो.

पंपावर धोका नाही असे मुळीच नव्हे. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट घेण्याइतकी तयार होते. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असले की मिलिज्यूलच्या पाव हिश्श्याएवढी क्षीण ठिणगीही पुरते. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने वर उडून न जाता जमिनीलगत रेंगाळते. प्रश्न एवढाच, की ती ठिणगी येते कुठून? फोरजी फोन जास्तीत जास्त पाव वॅटच्या आतबाहेर शक्तीने लहरी सोडतो आणि एवढ्या लहरींनी पंपावर ठिणगी पडणे जवळजवळ अशक्य आहे. माणसाच्या अंगावर साठलेली स्थिर वीज मात्र ते काम सहज करू शकते. कोरड्या हवेत गाडीच्या दाराला हात लावल्यावर जो चटका बसतो, त्यात वाफ पेटवायला लागते त्याहून जास्त ऊर्जा असू शकते. अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने पंपांवरच्या आगींची माहिती वर्षानुवर्षे गोळा केली. मोबाईलमुळे आग लागल्याचे एकही प्रकरण तिला सिद्ध झालेले आढळले नाही. आढळले ते वेगळेच: तिथे पेट्रोल स्वतःच भरायचे असते, लोक नोझल टाकीत अडकवून गाडीत जाऊन बसतात, सीटला घासून पुन्हा उतरतात आणि थेट नोझलला हात घालतात. आपल्याकडे पंपावरचा कर्मचारी पेट्रोल भरतो म्हणून हा धोका कमी आहे. पण प्लास्टिकच्या बाटलीत नाहीतर कॅनमध्ये पेट्रोल घेण्याची आपली सवय स्थिर विजेच्या दृष्टीने फोनपेक्षा कितीतरी घातक आहे, आणि नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हिवाळ्यात तर जास्तच. त्याची पाटी मात्र क्वचितच दिसते.

यावर लगेच विचारले जाईल, की बंदीने बिघडते काय? फोन चार मिनिटे खिशात राहिला तर कुणाचे काय जाते? शिवाय साधा फोन स्फोटक वातावरणासाठी तपासलेला नसतो, पडून त्याची बॅटरी बिघडू शकते, हे तर खरेच ना? खरे आहे. सॅमसंगचा गॅलेक्सी नोट 7 बॅटरी पेटण्याच्या प्रकारांमुळेच 2016 मध्ये बाजारातून मागे घ्यावा लागला होता. फोनवर बोलणाऱ्याचे टाकीकडे लक्ष नसते, हेही कारण मला पटते. मग पाटीवर तेच लिहा. लहरींचा बागुलबुवा उभा करून पाळायला लावलेला नियम, लहरींनी काही होत नाही हे लोकांना एकदा कळले की कोसळतो, आणि जाताना लक्ष विचलित होण्याचे खरे कारणही सोबत घेऊन जातो. त्याहून मोठे नुकसान वेगळे आहे. पंपाच्या आवारात सगळ्या जागा सारख्या नसतात. टँकर रिकामा होत असताना जमिनीखालच्या टाकीच्या तोंडाशी आणि वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीपाशी वाफेचे प्रमाण सर्वांत जास्त असते. तिथे फोनच काय, कुठलेच साधे विजेचे उपकरण नको. सरसकट पाटी हा फरक पुसून टाकते. नियम अंतराने बांधला, क्यूआर कोड वितरणयंत्रावरून काढून चार-सहा पावलांवरच्या खांबावर नेला आणि टँकर उतरत असताना तेवढा भाग दोरी बांधून बंद केला, तर बंदीही राहील आणि व्यवहारही होईल.

रुग्णालयांत याची दुसरी बाजू दिसते. जुन्या टूजी फोनवर कॉल यायच्या आधी शेजारच्या स्पीकरमधून टर्रटर्र आवाज यायचा, तो अनेकांना आठवत असेल. फोनच्या लहरी दुसऱ्या यंत्राच्या तारांत घुसतात याचा तो रोजचा पुरावा होता. ॲमस्टरडॅममधल्या संशोधकांनी 2007 मध्ये अतिदक्षता विभागातली 61 उपकरणे तपासली, तेव्हा 26 उपकरणांत काही ना काही गडबड झाली, काही बाबतींत धोकादायकही. पण ती बहुतांशी फोन अगदी जवळ, काही सेंटिमीटरवर आणल्यावर झाली. त्यांनी काढलेला निष्कर्ष साधा होता: फोन उपकरणापासून एक मीटर दूर ठेवा. त्याच वर्षी मेयो क्लिनिकने रुग्णांच्या खोल्यांत नेहमीसारखा फोन वापरून चाचण्या घेतल्या, तर काहीच बिघाड आढळला नाही. दोन्ही निकाल एकमेकांना खोडत नाहीत. सगळा प्रश्न अंतराचा आहे हेच ते सांगतात. म्हणून रुग्णालयाच्या दारावर ‘मोबाईल बंद’ लिहून कॉरिडॉरमध्ये सगळ्यांना बोलू देण्यापेक्षा व्हेंटिलेटरवर आणि सिरिंज पंपावर ‘फोन एक मीटर दूर’ अशी चिठ्ठी लावलेली बरी. तळघरात रेंज कमी असते तिथे फोन जास्त शक्तीने लहरी सोडतो, हेही तिथल्या कर्मचाऱ्यांना माहीत हवे. पेसमेकर बसवलेल्यांनी फोन छातीवरच्या खिशात ठेवू नये, 15 सेंटिमीटर तरी दूर ठेवावा. हल्लीच्या काही फोनमध्ये चुंबक असतो म्हणून हे जास्तच पाळावे.

एमआरआय कक्षात मात्र अंतराची चर्चाच नको. तिथला चुंबक तपासणी नसतानाही चालूच असतो आणि ही एक गोष्ट न सांगण्याची किंमत मुंबईने मोजली आहे. जानेवारी 2018 मध्ये नायर रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन आत गेलेला रुग्णाचा नातेवाईक सिलिंडरसकट यंत्राकडे खेचला गेला आणि दगावला. फोन सिलिंडरएवढा जड नसला तरी तोही तिथे हातातून सुटून उडू शकतो. जिथे एकही अपवाद परवडत नाही अशी ही जागा. आणि दारातली पाटी बघणारा माणूस आयुष्यभर मोडलेल्या पाट्यांचा अनुभव घेऊन आलेला असतो.

सामान्य माणसाला एवढे बारकावे कळणार नाहीत, त्याला एकच ‘नको’ सांगावे, असा युक्तिवाद अधिकारी मंडळी हमखास करतात. स्वयंपाकघराकडे बघितले तरी तो टिकत नाही. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण चालूही करायचे नाही आणि बंदही करायचे नाही, रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या उघडायच्या, हे शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही ठाऊक असते. फोन करायचा तो घराबाहेर पडून, 1906 या मदत क्रमांकावर, एवढीच त्यात भर घालायची आहे. कारणासकट सांगितलेला नियम लोक पाळतात. अंतर मोजून नियम करणे सरकारलाही जमते. विमानांच्या उंची मोजणाऱ्या रेडिओ यंत्रात फाइव्हजीमुळे गोंधळ होऊ नये म्हणून नोव्हेंबर 2022 मध्ये दूरसंचार विभागाने पुणे, नागपूरसह काही विमानतळांसाठी धावपट्टीच्या टोकांपासून 2.1 किलोमीटर आणि मध्यरेषेपासून 910 मीटर अशी हद्द आखून दिली. फाइव्हजी सरसकट बंद करा, असे कुणी म्हटले नाही. पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था, पेसो, नागपुरातच आहे. पंपांवरच्या पाट्यांवर असे आकडे आणि कारणे मराठीत यायला हवीत, आणि त्याच संस्थेने ते करून घ्यायला हवे.

खरी कसोटी कारखान्यांत आहे. तारापूर, लोटे, कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत जिथे विद्रावकांची वाफ असू शकते, तिथे ठिणगीच्या दृष्टीने सुरक्षित ठरवलेलेच फोन चालतात. असे खास फोन बाजारात मिळतात, पण महाग असतात. म्हणून कंत्राटी कामगाराचा फोन गेटवर जमा होतो आणि पाहणीला आलेल्या साहेबाचा साधा स्मार्टफोन फोटो काढायला खिशातून आत जातो. निरीक्षकांनी तपासायचे तर आधी तो खिसा तपासावा, आणि ज्या कामगारांचे फोन काढून घेतले त्यांना आतून गेटशी बोलायला सुरक्षित फोन किंवा वॉकीटॉकी दिला आहे का, हेही बघावे.