दुखणे अंगावर काढले, तर नवे यंत्र काय करणार?

१ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात, तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे केअर केंद्रे काढण्याची घोषणा झाली. आपले जिल्हा रुग्णालय कारवारला आहे. घोषणेचे आम्ही स्वागतच करतो. पण अशा केंद्राचा उपयोग मुख्यतः केमोथेरपीसाठी. रोग वेळेवर सापडणे ही त्याआधीची पायरी, आणि जोयड्यात खरी अडचण तिथेच आहे.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या कर्करोगाचे उदाहरण घेऊ. सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी होते. अस्तराचा कर्करोग त्यात नाही. मात्र तो बहुधा स्वतःच इशारा देतो: पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून जाणे. अशा दहा बायकांपैकी साधारण नऊ जणींत कारण दुसरेच निघते. तरी दहावी कोण, हे तपासल्याशिवाय कळत नाही. लठ्ठपणा आणि मधुमेह असल्यास धोका वाढतो.

पहिली तपासणी साधी आहे. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात. ती ४ मिलिमीटर किंवा कमी असली, तर कर्करोगाची शक्यता फारच थोडी. जास्त असली, किंवा रक्तस्राव पुन्हा झाला, तर बायोप्सी करतात. निदान पक्के होते ते बायोप्सीनेच.

नव्या तंत्राचे काम त्यानंतरचे. एमआरआयमध्ये गाठ गर्भाशयाच्या स्नायूत निम्म्याहून कमी शिरली आहे की जास्त, याचा अंदाज येतो आणि शस्त्रक्रिया केवढी करायची ते ठरवता येते. शस्त्रक्रियेत हिरवे द्रव्य टोचून खास कॅमेऱ्याने पहिल्या लसिका ग्रंथी शोधतात. तेवढ्याच काढून भागले, तर पुढे पाय सुजण्याचा त्रास टळू शकतो. एमआरआय वाचायला संगणकाची मदत घेण्याचे प्रयोगही चालू आहेत.

या सोयींसाठी आपल्याला हुबळी, बेळगाव किंवा गोव्यात बांबोळी गाठावे लागते. एक दिवसाची मजुरी बुडते, सोबतीला माणूस लागतो. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. त्यासाठी आधी सरकारी रुग्णालयात जाऊन शिफारसपत्र घ्यावे.

पण सर्वांत लांबचा पल्ला घरातलाच आहे. ‘उष्णता झाली असेल’ म्हणून आई गप्प बसते, मुलाला सांगायला लाजते. म्हणून मुलींनी आणि सुनांनी आपणहून विचारावे, आणि पुरुषांनी तो बायकांचा विषय म्हणून टाळू नये. लवकर सापडला, तर हा रोग बहुतेक वेळा शस्त्रक्रियेने बरा होतो. कारवारचे केंद्र होईल तेव्हा होईल. घरातली ही चौकशी आजच करता येते.