माखन बडाल गल्लीतील असहकार

लग्नसंस्थेवरील कथांविषयी आपल्या पुरोगामी वर्तुळात एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. नवरा मारीत नाही, सासू छळीत नाही, कोणी कोणाला घराबाहेर काढीत नाही. मग यात संघर्ष तो कोठे आहे? सुखवस्तू घरातील बाईच्या रुसव्याफुगव्यांशी चळवळीला काय कर्तव्य? असे विचारणाऱ्या कार्यकर्त्यांनी रवींद्रनाथ ठाकुरांची 'स्त्रीर पत्र' ही कथा, निदान एकदा, जमाखर्चाच्या वहीप्रमाणे वाचावी.

१९१४ साली 'सबुज पत्र' या बंगाली मासिकात ती प्रसिद्ध झाली. कलकत्त्याच्या माखन बडाल गल्लीत पंधरा वर्षे संसार केलेली मृणाल पुरीहून नवऱ्याला पत्र लिहिते आणि आपण परत येणार नाही असे कळविते. त्या घरात अन्नवस्त्राची ददात नव्हती, नवऱ्याच्या वर्तनातही बोट ठेवण्याजोगे काही नव्हते, हे ती स्वतःच मान्य करते.

ठिणगी पडते ती थोरल्या जावेच्या पोरक्या बहिणीवरून. आश्रयाला आलेल्या या बिंदूला मृणाल आपल्या हातखर्चाच्या पैशांतून कपडे घेते. नवरा रागावतो आणि हातखर्च बंद करतो. हात उगारण्याची त्याला गरजच पडत नाही. तिजोरीची किल्ली ज्याच्या कनवटीला, त्याला काठी कशाला हवी? दुसऱ्या दिवसापासून मृणाल सव्वा रुपयाला जोडी मिळणारी गिरणीची जाडीभरडी धोतरे नेसू लागते, मोलकरणीला आपले उष्टे ताट उचलू देत नाही आणि अंगणातल्या नळावर बसून स्वतः भांडी घासते. ते दृश्य पाहून पतिराज प्रसन्न होत नाहीत. कसे होतील? खानदानी इभ्रत हे त्या घराचे खरे भांडवल होते, आणि शब्दही न उच्चारता तिने त्या भांडवलालाच हात घातला होता. देशाच्या राजकारणात असहकाराची चळवळ उभी राहावयास तेव्हा अजून सहा वर्षे होती.

पुढे बिंदूचे लग्न एका वेड्याशी लावून दिले जाते. ती पळून येते. आपल्यापायी मृणाल संकटात सापडू नये म्हणून स्वतःच परत जाते आणि अखेर अंगावरच्या वस्त्रांना आग लावून घेते. समाजाला बिंदू चालते. तिच्यासाठी अश्रू ढाळता येतात, शोकसभा भरविता येते. जिवंत राहून नकार देणारी मृणाल मात्र सोसत नाही. लाल-बाल-पाल या त्रयीतील बिपिनचंद्र पाल यांना ती इतकी झोंबली की 'मृणालेर कथा' लिहून त्यांनी तिला प्रत्युत्तर दिले. विलायती मालावरील बहिष्काराचा मंत्र देशाला देणारा हा नेता पत्नीने पुकारलेल्या बहिष्कारापुढे अडखळला. आपल्यातील कित्येकांचे पाऊल आजही त्याच उंबरठ्याशी अडते.

'पण ती खाणार काय?' हा प्रश्न खोचकपणे विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, विचारणारे बहुधा नसतात. पंधरा वर्षांच्या श्रमाची बाकी तिच्या नावे कोठेच मांडलेली नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. जे थोडे पुरुष हे काम करतात, ते ८८. हे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाहीत, आणि घर सोडणाऱ्या बाईच्या पदरातही पडत नाहीत.

शिवाय कायदा आहेच. नवऱ्याकडे नांदावयास जा, नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम मुंबईच्या न्यायालयाने १८८७ साली रखमाबाईंना दिला. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखविली. तुरुंगाची तरतूद पुढे गेली. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा मात्र हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात राहिला. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवून उचलून धरले. सबळ कारणावाचून बायको दूर राहते, एवढे म्हणत मृणालचा नवरा आजही न्यायालयाची पायरी चढू शकेल, आणि अन्नवस्त्राला काही कमी नव्हते ही तिचीच कबुली तिच्याविरुद्ध वाचून दाखविली जाईल. ते कलम रद्द करा, असा ठराव आपल्या किती तालुका शाखांनी केला, हे शाखांच्या इतिवृत्तांत शोधून पाहावे.