हाताला गुण नाही म्हणे!



मागच्या आठवड्यात एक पत्र आलं. लिहिणारी मुलगी सातवीत आहे. तिनं आणि तिच्या धाकट्या भावानं जुलैत गॅलरीत एकेक कुंडी मेथी लावली. बी एकाच पुडीतलं, माती एकाच पोत्यातली, कुंड्या शेजारी-शेजारी. हिनं सकाळी पाणी घातलं, शाळेतून आल्यावर घातलं, रात्री झोपताना पुन्हा घातलं. भाऊ मात्र दोन-दोन दिवस कुंडीकडे फिरकायचासुद्धा नाही. आणि झालं काय? हिची रोपं दोन बोटं वाढली आणि एका रात्रीत आडवी झाली. भावाच्या मेथीची चक्क भाजी झाली! मग घरात सगळे म्हणाले, "तुझ्या हाताला गुणच नाही." पत्राच्या शेवटी ती विचारते, "हे खरं असतं का? मी पुन्हा लावू की नको?"

हे पत्र वाचून मला हसू आलं नाही. कारण पाचवीत असताना हेच वाक्य मीही ऐकलं होतं. पत्र्याच्या रिकाम्या डब्यात मी मिरचीचं रोप लावलं होतं. ते सुकायला लागलं, तसं मी आणखी पाणी घातलं. ते जास्तच मान टाकायला लागलं, मी जास्तच पाणी घातलं. शेवटी आजोबांनी डबा उपडा केला. आतून काळा चिखल निघाला आणि असा वास सुटला म्हणता! आजोबा म्हणाले, "अरे, तुझी मिरची तहानेनं नाही गेली, बुडून गेली." डब्याला खाली एकही भोक नव्हतं.

नवीन बाग करणाऱ्याची पहिली चूक बहुतेक वेळा हीच असते. झाडाचं नुकसान आपण दुर्लक्षानं कमी आणि लाडानं जास्त करतो. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या फटींत ही हवा असते. सतत पाणी घातलं की त्या फटी पाण्यानं भरून जातात, मुळं गुदमरतात आणि कुजतात. कुजलेली मुळं पाणी शोषणार कशी? म्हणून झाड तहानल्यासारखं दिसतं आणि आपण आणखी पाणी ओततो! शिवाय सतत ओल्या मातीत बुरशी माजते. ती कोवळ्या रोपाला मातीलगतच धरते आणि रोप आडवं होतं. मेथीचं झालं ते हेच.

मग पाणी कधी घालायचं? घड्याळाला विचारू नका, बोटाला विचारा. बोट दोन पेरं मातीत खुपसा. आत ओल लागली तर आज सुट्टी. कोरडं लागलं तर सावकाश पाणी घाला, तळाच्या भोकातून थोडं बाहेर येईपर्यंत. भोकावर खापराचा तुकडा उलटा ठेवा, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणी अडत नाही.

दुसरी चूक मातीची. शेतातली काळी माती कसदार असते, म्हणून काही जण तीच कुंडीत ठासून भरतात. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की दगडासारखी होते आणि भेगाळते. कुंडीसाठी ती मोकळी करावी लागते. एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा, एवढं जमलं की झालं. पण शेणखत ताजं नको हं! ताजं शेण कुजताना तापतं, मुळांना इजा होते. त्यातून हुमणीच्या पांढऱ्या जाड अळ्याही येतात आणि मुळंच खातात. खत जुनं, भुसभुशीत आणि वास न येणारं हवं.

तिसरी चूक वेळेची. दुकानात बी बारा महिने मिळतं, पण म्हणून ते बारा महिने पेरायचं नसतं. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर यांना थंडी मानवते. पाऊस सरला की, म्हणजे आत्ता, दसरा-दिवाळीच्या सुमारास ही लावावीत. भेंडी आणि गवारीला ऊब लागते. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा पावसाच्या सुरुवातीला लावा. वेळेइतकंच ऊनही बघा. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी यांना दिवसाला सहा तास तरी ऊन हवं. तुमच्या गॅलरीत तीन-चार तासच ऊन येतं? मग पालेभाज्या लावा. वांगं रुसून बसेल, पालक बसणार नाही.

चौथी चूक बी पेरताना होते. बी फार खोल गाडलं की कोंब वर येईपर्यंतच त्याची शिदोरी संपते. बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोली पुरे. मेथीला बोटाचं अर्धं पेर, वांगी-टोमॅटोच्या बारीक बियांवर मातीचा नुसता पातळ थर. धणे पेरताना ते आधी लाटण्याखाली हलकेच रगडा. एका धण्यात दोन बिया असतात, त्या सुट्या होतात. आणि मग वाट बघा! मेथी तीन-चार दिवसांत डोकं वर काढते, पण कोथिंबिरीला आठ ते पंधरा दिवस लागतात. पाचव्या दिवशी उकरून "आलं का रे?" असं बघणारे महाभाग मला ठाऊक आहेत. मीही त्यातलाच होतो.

आणि एक सांभाळा. पुडीतलं बी गुलाबी किंवा निळं दिसलं, तर त्याला औषध चोळलेलं असतं. ते तोंडात घालायचं नाही, लहान भावंडांच्या हाती द्यायचं नाही आणि पेरून झाल्यावर हात साबणानं धुवायचे.

पाचवी चूक हावरेपणाची. मूठभर बी एकाच कुंडीत टाकलं की सगळं उगवतं, आपण खूश होतो, आणि पंधरा दिवसांत गर्दीच्या लोकलसारखी अवस्था होते. मुळ्याच्या दोन रोपांत चार-पाच बोटं अंतर हवं, मधली रोपं काढून टाका. याला विरळणी म्हणतात. जिवावर येतं खरं, पण उपटलेली रोपं फेकू नका, ती भाजीत घाला. वांग्याला तर मोठी कुंडी आणि त्यात एकच झाड. आणखी एक लक्षात ठेवा. वांगी, टोमॅटो, मिरची यांची रोपं आधी लहान भांड्यात करून महिनाभरानं दुसरीकडे लावतात. मुळा-गाजराचं तसं करू नका. त्यांचं मूळ हलवलं की ते वाकडंतिकडं होतं.

सहावी चूक घाबरण्याची. वेलावर फुलं येतात आणि फळ न धरता गळून जातात. लगेच सगळे म्हणतात, "दृष्ट लागली!" दृष्ट कसली? दुधी, दोडका, कारलं यांच्या वेलांवर नर फुलं आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ दिसतं, नर फुलाला नुसता देठ. सुरुवातीला बहुधा नर फुलंच येतात, ती गळायचीच. पुढे मादी फुलं येऊनही फळ धरत नसेल, तर नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यावर अलगद टेकवा. कारल्याला हे सकाळी करा. दुधी-दोडक्याची फुलं मात्र संध्याकाळी उमलतात, त्यांना तेव्हाच गाठा.

आणि किडा दिसला की लगेच चप्पल उगारू नका. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा मावा खातो, म्हणजे तो आपला पहारेकरी. मावा फार झाला तर आधी पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन काढा.

आता पुन्हा त्या पत्राकडे येऊ. ताई, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. उलट तू नकळत एक उत्तम प्रयोग केलास. बी तेच, माती तीच, ऊन तेच, फरक फक्त पाण्याचा. शास्त्रज्ञही असंच करतात. फक्त तू ते वहीत लिहून ठेवलं नाहीस, एवढंच. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण गावरान वाण जपून त्यांनी बियाण्यांची बँक उभी केली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी बघणं, लावणं, राखणं हे सगळं त्या करत-करत शिकल्या. गुण हाताला आपोआप येत नाही, तो आणावा लागतो.

आईबाबांनो, तुम्हालाही एक विनंती. मुलांचं रोप मेलं, तर "राहू दे, तुला जमायचं नाही" असं म्हणू नका. कुंडी त्यांच्याबरोबर उपडी करा. मुळं पांढरी आहेत की काळी, माती ओली आहे की कोरडी, हे दोघं मिळून बघा.

या आठवड्याचं काम सोपं आहे. स्वयंपाकघरातले दोन चमचे मेथीदाणे रात्रभर भिजवा आणि सकाळी दोन कुंड्यांत पेरा. एका कुंडीला रोज पाणी, दुसरीला बोटाला विचारून. तारीख, पाणी आणि उंची रोज वहीत लिहा. महिनाभरात भाजी तयार होईल, आणि नाही झाली तर का नाही झाली ते तरी नक्की कळेल. दोन्हींपैकी काहीही झालं तरी मला पत्रानं कळवा.

आणि हो, मेथीची कुंडी उपडी करणाऱ्या त्या ताईच्या पत्राची मी विशेष वाट बघतोय.